त्या दिवशी मी दोंडाईच्याला होते

नऊ तारखेला दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी मी दोन ठिकाणी होते. एक, दोंडाईच्याला माझ्या भाच्याच्या हळदीत, हातात हळदीची वाटी घेऊन. आणि दोन, सुरतला, उधन्याच्या आमच्या युनिटमध्ये, कॉम्प्युटरसमोर. पहिलं मला माहीत. दुसरं कॉम्प्युटरला माहीत. आता बोला, खरं कोणाचं धरायचं?

मी सुषमा. जन्म उधन्यातलाच, गाव दोंडाईच्याजवळ. स्वभावाने जरा फटकळ. "उचलली जीभ लावली टाळ्याला," असं सासू म्हणायची, आणि ती बिचारी खोटं कधी बोलली नाही. घरी आम्ही अहिराणीच बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून सरळ करून सांगते. मध्येच घसरले तर सांभाळून घ्या.

आमचं युनिट साड्या छापतं. एकोणिसाव्या वर्षी मी तिथे चेकिंगच्या टेबलावर लागले, म्हणजे छापून आलेलं कापड उजेडात धरायचं आणि डाग शोधायचे. मग कॉम्प्युटरचा क्लास केला, मग डिझाइनच्या फायली सांभाळायला लागले. पुढे आमची वेबसाइट झाली. तिचा सर्व्हर, म्हणजे ती जिथे राहते ते मशीन, भाड्याचं आहे. कुठल्या गावाला आहे ते मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. आधी ते एक मद्रासी पोरगा बघायचा. तो नोकरी सोडून गेला तेव्हा मला एक वही देऊन गेला. अमुक बिघडलं तर तमुक लिहा, अशी ती वही. त्या वहीवर मी अकरा वर्षं काढली. लोकांना वाटतं सुषमाबेनला सगळं येतं. सुषमाबेनला वही येते.

चोवीस तारखेला, शनिवारी, रमणीकभाई शेठ रिंग रोडच्या मार्केटातून थेट माझ्या टेबलाशी आले. हातात साडी. लिंबाच्या रंगावर कमळांची जाळी. ती आमची होती, आणि तरीही ती आमची नव्हती. आमची अजून छापायलाच गेली नव्हती.

"सुषमाबेन, आ शुं छे?" शेठ म्हणाले.

मी कापड उजेडात धरलं, जुनी सवय. छपाई स्वच्छ होती. फोटोवरून कोणी नक्कल केली असती तर कमळाच्या कडा फाटल्या असत्या. ही आमच्या ओरिजिनल फायलीवरूनच छापलेली होती. ओरिजिनल फायली कुलपात असतात, आणि कुलूप माझ्या हातात.

शेठने नितीनला बोलावून ठेवलंच होतं. नितीन यवतमाळकडचा, तिशीतला, कंपन्यांचे सर्व्हर तपासायचं काम करतो. त्याने अर्धा तास काहीतरी वाचलं, मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मॅडम, नऊ तारखेला तुम्ही डिझाइनच्या पूर्ण फोल्डरवर सात-सात-सात लावलं."

आता हे सात-सात-सात काय ते सांगते, नाहीतर तुमचंही डोकं माझ्यासारखंच भंजाळेल. सर्व्हरवर प्रत्येक फोल्डरला तीन आकडे असतात. पहिला आकडा घरधन्याचा, दुसरा भाऊबंदांचा, तिसरा अख्ख्या गल्लीचा. चार म्हणजे नुसतं बघायचं. सात म्हणजे आत या, बघा, उचला, बदला, काय वाटेल ते करा. शून्य म्हणजे दार बंद. आमच्या ओरिजिनलच्या फोल्डरला घरधन्याचे सात आणि बाकी शून्य. घरधनी म्हणजे मी, माझ्या नावाचं अकाउंट. वेबसाइटचंही स्वतःचं एक अकाउंट असतं, ती गिऱ्हाइकांना लहान फोटो दाखवते. लहान फोटोंच्या फोल्डरात ती भाऊबंद, ओरिजिनलमध्ये ती परकी. आणि सात-सात-सात म्हणजे तिन्ही दारं सताड उघडी, मग वेबसाइट मागेल त्याला ओरिजिनलही काढून देते. आमच्या फायलींना नावं नसतात, नंबर असतात, एकामागून एक. ज्याला चार हजार एकशे एक माहीत, तो चार हजार एकशे दोन आपल्या मनाने टाइप करून बघणारच. कोणीतरी बघितलं होतं.

"मी नाही लावलं," मी म्हणाले.

"अकाउंट तुमचं आहे. पासवर्ड तुमचा. इथल्याच ऑफिसच्या कनेक्शनवरून. नऊ तारीख, बारा वीस. लॉग खोटं नाही बोलत, मॅडम."

लॉग म्हणजे सर्व्हरची डायरी. कोण कधी आलं, काय करून गेलं, सगळं तो लिहून ठेवतो. मी स्क्रीनवर वाकून बघितलं. खरंच माझं नाव. मला एक क्षण असंही वाटलं की मी केलं असेल आणि विसरले असेन. वय झालं की असं होतं म्हणतात. मग तारीख डोक्यात शिरली. नऊ. नऊला तर हळद होती.

शेठ म्हणाले, "बेन, मला माणूस पाहिजे. कोणी केलं ते सांगा. नाहीतर चाव्या नितीनभाईला द्या आणि घरी बसा. वीस वर्षांची ओळख आहे म्हणून पोलिसांत जात नाही."

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षांवर बारा वीसने पाणी फिरवायचं म्हणजे काय? मी पर्समधून ताप्ती लाइनच्या गाडीचं तिकीट काढलं, आठ तारखेचं. मोबाइलमधला हळदीचा फोटो काढला. नवरा मुलगा पाटावर, मागे मी, तोंड उघडं, हात पिवळे. फोटोखाली वेळ दुपारी बारा एकोणीस. टेबलावर आपटलंच ते. शेठने तिकिटाची झेरॉक्स करवली, फोटोचा प्रिंट काढायला लावला, दोन्हींना पिन मारली आणि फायलीत लावलं. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू.

"मग तुमच्या नावाने बसलं कोण?" नितीनने विचारलं.

"सोनाली," मी म्हणाले.

निघालंच तोंडातून. विचार नंतर आला, नेहमीसारखा.

सोनाली माझी धाकटी जाऊ. खाली आम्ही, वरच्या खोलीत ती आणि माझा दीर गोपाल. आमच्या युनिटमध्ये चेकिंगच्या टेबलावर तिला मीच लावलं, कॉम्प्युटरही मीच शिकवला. पुढच्या महिन्यापासून तिला माझ्या शेजारी स्वतंत्र टेबल मिळणार होतं. मी दोंडाईच्याला गेले ते चार दिवस तिला बदली ठेवून गेले होते.

"पासवर्ड दिला तुम्ही तिले?" नितीनचा चेहरा असा झाला की जणू मी तिला माझं मंगळसूत्रच दिलं होतं. "मॅडम, तुम्ही काय बोलून राहिले?"

त्याला काय कळणार? तो लूममध्ये, मागांच्या खडखडाटात, वाढलेला नाही. आमच्याकडे कारागीर गावाला जातो तेव्हा लूम बंद ठेवत नाही. लूम बंद ठेवला तर शेठ दुसऱ्याला देतो. म्हणून आपला माणूस बदली लावून जायचं. भाऊ, मेहुणा, शेजारी, कोणीही. कार्ड आपलं, नाव आपलं, हात त्याचे. माझा बाप चाळीस वर्षं असाच गावाला जाऊन आला. मला कधी वाटलंच नाही की कॉम्प्युटरच्या अकाउंटचं वेगळं असतं. तिला वेगळं अकाउंट करून द्यायचं तर वहीत सतरा ओळी होत्या, आणि गाडी दीड तासात होती. मी एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि तिच्या हातात दिला.

नितीनने कपाळाला हात लावला. पण शेठने मान हलवली. त्यांच्या वडिलांचे सोळा लूम होते, त्यांना बदली कळते.

"एनो वर शुं करे छे?" शेठने विचारलं. तिचा नवरा काय करतो.

"मार्केटात एका व्यापाऱ्याकडे पार्सल बांधतो," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता तिघांनीही त्या लिंबाच्या साडीकडे बघितलं. मी पण.

संपलं. सोनालीला पाचच्या आत गेटवर सांगितलं की सोमवारपासून येऊ नको. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी रिक्षा बदलून घरी गेले.

संध्याकाळी गोपाल जिना उतरून आला. तो माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेला नाही, तेव्हाही नाही बोलला.

"वहिनी, माझ्या शेठला तुमच्या शेठने फोन केला. तो विचारत होता तू किती फायली विकल्यास. मला फाइल म्हणजे काय तेच माहीत नाही. मी दोऱ्या बांधतो."

"मग तुझ्या बायकोला विचार ना," मी म्हणाले. "दारं तिनं उघडली."

"ती बोलत नाही."

तेच तर मला कळेना. सोनालीने भांडायला पाहिजे होतं. मी असते तर छप्पर डोक्यावर घेतलं असतं. ती मात्र गेटवरून आली, भाकरी थापल्या, मला वाटीभर भाजी खाली पाठवली आणि दार लोटून घेतलं. चोर भाजी पाठवतो का? का चोरच पाठवतो? माझे मिस्टर इच्छापोरला कंत्राटावर, आठवड्याने घरी येतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मला यातलं काही समजत नाही." म्हटलं, वा, मला तर सगळंच समजतंय.

रविवारी सकाळी बापाकडे गेले. आबांचं नाव धुडकू. लूमच्या आवाजाने कान गेलेले, म्हणून त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या सोसायटीला सांगायचं. मी हळू आवाजात ओरडून सगळं सांगितलं. त्यांना सर्व्हर काही कळला नाही, पण बदली म्हटल्यावर ते उठून बसले.

"कार्ड कोनं व्हतं?"

"मनं."

"मंग डाग तुनाच. बदलीनं नाव शेठफान लेतस का कोनी?"

शेठपाशी बदलीचं नाव घेतात का कोणी, असं विचारत होते ते. मी म्हटलं, आबा, तो काळ वेगळा. कापडावर डाग पडला तर तेवढंच कापड जातं, इथे अख्खं डिझाइन गेलं. आणि तुम्ही तेव्हा बदलीला विचारायचात तरी ना, की बाबा डाग पडला कसा?

"इचारस ना," आबा म्हणाले. "पहिलं बदलीले इचारस. तू इचारं का?"

मी विचारलं नव्हतं. बोलले खूप, पण विचारलं नव्हतं. आबांनी पंखा वाढवायला सांगितला. मी निघाले तेव्हा आले होते त्यापेक्षा जास्त गोंधळलेली होते. बापाचं ऐकावं तर नोकरी माझी जाणार. नितीनचं ऐकावं तर सोनाली चोर. आणि मला स्वतःला विचाराल तर ती चोर वाटत नव्हती. पण मग केलं का तिनं?

दुपारी जेवणं झाल्यावर मी जिना चढले. गोपाल बाहेर गेला होता. सोनाली गव्हातले खडे निवडत बसली होती. मी समोर बसले. ताट मध्ये.

"सोनाली, नऊ तारखेला काय झालं ते मला नीट सांग. मी ओरडणार नाही."

"काय सांगू ताई?"

"सात-सात-सात तू लावलंस?"

"हो."

एवढं सरळ. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल आणि मग मी चिडेन. हो म्हटल्यावर काय करतात ते मला माहीत नव्हतं.

"का लावलंस?"

"नवे फोटो चढवले तर साइटवर दिसेनात. व्यापाऱ्यांचे फोन यायला लागले. परवानगी नाही, परवानगी नाही, तेवढंच यायचं स्क्रीनवर. वहीत बघितलं, वहीत दोन-तीन उपाय होते, कुठला ते कळेना. मग सांगितलं तसं केलं."

"कोणी सांगितलं?"

सोनाली गव्हात बोट फिरवत राहिली.

झालं, माझं डोकं पुन्हा पळायला लागलं. कोणी सांगितलं म्हणजे? मद्रासी पोरगा? त्याचा नंबर तिच्याकडे कुठून आला? गोपालच्या शेठचा कोणी माणूस? तो हिला फसवून दारं उघडायला लावतो आणि ही भोळी उघडते? असंच असणार. मला तिच्याबद्दल एकदम दया आली. म्हटलं, हिला यातून मीच सोडवते.

"हे बघ, तुला कोणीतरी फसवलंय. तू फक्त नाव सांग. उद्या मी शेठच्या पुढे त्याची अशी काढते की बघत राहशील. कोण होता तो?"

"राहू द्या ताई."

"राहू द्या काय? तुझं काम गेलं, गोपालचं नाव गेलं, आणि तू त्या मेल्याला झाकतेस? कोण लागतो तो तुझा?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग मोबाइल उचलला. तिच्या मोबाइलमध्ये सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होतात, गोपालने तसं करून दिलंय, कारण तिचा बाप गावाहून फोन करतो आणि औषधांची नावं सांगतो. तिने काहीतरी शोधलं आणि मोबाइल ताटाच्या काठावर ठेवला.

आधी बँड. दणदणीत बँड, आणि बायकांचा कालवा. मग सोनालीचा आवाज, लांबून, "ताई, फोटो दिसत नाहीत, वहीत तीन ओळी आहेत, कुठली करू?" आणि मग एक बाई बोलायला लागली. काय तो आवाज, कापडासारखा टराटरा फाटणारा. "अव माय, सात-सात-सात मारी दे नि मोकळी हुई जा! वरला फोल्डरवर मार, आतलं सगळं धरीसन. मनं डोकं नको खाऊ, आठे हळद चालू शे."

सोनाली विचारत होती, "ओरिजिनलवर पण लागेल ना ताई ते?" आणि ती बाई म्हणाली, "मी उनू का काढी टाकसू." मी आले की काढून टाकेन. मग फोन बंद.

मी आल्यावर काढलं नव्हतं. काढायचं आहे हेच मला आठवत नव्हतं. मी ते बोलले होते हेही आठवत नव्हतं, आणि खरं सांगते, अजूनही आठवत नाही. हळद आठवते, वाटी आठवते, व्याह्यांच्या बाजूची एक बाई पातळ तुडवत होती ती आठवते. फोन आठवत नाही. पण आवाज माझाच. तो कोणालाही ओळखू आला असता.

डोळ्यांपुढे रमणीकभाई आले, नितीन आला, पिन मारलेलं तिकीट आलं. हे कोणी ऐकलं तर. एवढंच मनात आलं, शपथ घेऊन सांगते, एवढंच. दुसरं काही यायच्या आत तोंड उघडलं होतं.

"पुसून टाक ते," मी म्हणाले.

सोनालीने मोबाइल उचलला. एकदा बोट दाबलं, मग मोबाइलने विचारलं असेल नक्की पुसायचं का, म्हणून दुसऱ्यांदा दाबलं. मोबाइल उलटा करून ठेवला आणि गहू पुढे ओढले.

मी "थांब" म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण तिचा हात चटकन चालतो, सांगितलेलं काम ती तिथल्या तिथे करते, म्हणून तर मी तिला बदली ठेवली होती.

"काल का नाही ऐकवलंस शेठला?" मी विचारलं.

"तुमच्या नावावर बसले होते ना," ती म्हणाली. "तुमच्याच नावावर बसून तुमचंच नाव कसं सांगू? आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल."

सोमवारी मी युनिटवर गेले ती तडक शेठच्या केबिनमध्ये. नितीन तिथेच होता. मी बसले नाही.

"शेठ, ते मी केलं. सोनालीने नाही. मी तिला फोनवर सांगितलं, तिने तेवढंच केलं. तिला परत बोलवा, आणि गोपालच्या शेठला फोन करून माफी मागा."

शेठने चष्मा काढला. "पण तुम्ही तर दोंडाईच्याला होता."

"होते ना. तिथूनच सांगितलं."

"हळदीत?"

"हळदीत."

त्यांनी ड्रॉवरमधून फाइल काढली, उघडली. तिकीट. फोटो. फोटोत माझे दोन्ही हात पिवळे, एका हातात वाटी. "यात फोन कुठे आहे?" शेठ म्हणाले.

"तो बारा एकोणीसचा फोटो आहे. फोन त्याच्या आधी झाला." मी मोबाइलमधली यादी दाखवली. बारा चौदा, सोनाली, तीन मिनिटं. शेठने अंगठ्याने यादी खाली सरकवली. त्या दिवशी सोनालीचे नऊ फोन होते. हळदीचं सामान, गॅस, पोराची फी, नळाचं पाणी. नऊपैकी एकात सात-सात-सात होतं, हे ती यादी काही सांगत नव्हती.

नितीन मात्र पुढे सरकून बसला. तो पोरगा मनाने वाईट नाही. "रेकॉर्डिंग वगैरे आहे का, मॅडम?"

"होतं."

"होतं म्हणजे?"

"पुसलं."

"कोणी?"

"सोनालीने."

नितीन आणि शेठ एकमेकांकडे बघायला लागले. मला त्यांची नजर कळली आणि मी घाईघाईने म्हणाले, "मी सांगितलं म्हणून पुसलं. मीच म्हणाले पुसून टाक."

"म्हणजे दारं तिने उघडली, तुम्ही सांगितलं म्हणून," शेठ सावकाश म्हणाले. "आणि रेकॉर्डिंग तिने पुसलं, तेही तुम्ही सांगितलं म्हणून."

"हो."

शेठ हसले. वाईट हसले नाहीत, मायेनेच हसले, तेच जास्त लागलं. "बेन, माझ्याही घरात दोन सुना आहेत. एकीने काही केलं की दुसरी म्हणते मी केलं. घर मोडायला नको म्हणून दिराने पाठवलंय ना तुम्हाला? मला समजतं."

"शेठ, तुमच्या लॉगमध्ये काय लिहिलंय? सुषमा लिहिलंय ना? तो खोटं बोलत नाही ना? मग मी तेच सांगतेय. सुषमाने केलं."

"मॅडम, शनिवारी तुम्हीच तर दाखवलं की ते तुम्ही नाही," नितीन म्हणाला. "लॉगपेक्षा तिकीट पक्कं निघालं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शनिवारी मी खोटं सिद्ध करून आले, ते इतकं चांगलं केलं की सोमवारी खरं त्याच्यापुढे उभं राहीना. मी चिडले, शेवटी टेबलावर हात आपटला, म्हटलं मला काढा मग. शेठ म्हणाले, तुम्हाला कशाला काढू, तुमचं तर काहीच नाही यात. चहा मागवला. नितीनने मला एक कागद दिला, नव्या अकाउंटचा. नाव माझं, पासवर्ड माझा, आणि खाली लिहिलेलं की हा कोणालाही द्यायचा नाही. सही करा म्हणाला. मी केली. का केली मला माहीत नाही. समोर कागद होता, पेन होतं.

सबंध दिवस मी टेबलाशी बसून राहिले. शेजारी जिथे सोनालीचं टेबल येणार होतं तिथे कोणी कापडाचे ताके रचून ठेवले होते.

संध्याकाळी घरी आले ती खालचं कुलूप न काढता वर गेले. दार उघडं होतं. सोनालीने शेजारणीकडून साड्यांना खडे चिकटवायचं घरबसल्याचं काम आणलं होतं. खोलीभर एक जांभळी साडी पसरलेली, मध्ये ती, बोटांना गोंद. गोपाल बाहेर गॅलरीत उभा होता, त्याने वळून बघितलं नाही. मी चप्पल काढली आणि साडीच्या दुसऱ्या टोकाशी बसले. खड्यांची डबी माझ्याकडे सरकवावी म्हणून हात पुढे केला. ती सरकवली नाही तिने.

"मी सगळं सांगितलं गं," मी म्हणाले. "अगदी पहिल्यापासून. शेठनं माझं ऐकलं नाही."

सोनालीने एक खडा गोंदावर ठेवला, बोटाने दाबून धरला, पक्का बसेपर्यंत.

"ऐकायला मीच नको होतं, ताई," ती म्हणाली, आणि पुढचा खडा उचलला.